गेम सर्व्हर आणि मायक्रोसर्व्हिस एचटीटीपीने जोडताना : नवोदितांसाठी मार्गदर्शक

अनेक खेळाडू एकत्र खेळतात अशा गेममागे दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे प्रोग्राम चालत असतात. गेम सर्व्हर मॅचची सगळी स्थिती मेमरीत ठेवतो, सेकंदाला ठरावीक वेळा जगाचा हिशेब पुढे नेतो आणि मॅच संपली की बहुधा ती स्थिती टाकून देतो. बॅकएंडच्या मायक्रोसर्व्हिसचे, म्हणजे पडद्यामागे ठरावीक काम करणाऱ्या छोट्या सेवेचे, काम याच्या उलट असते. खेळाडूचे खाते, त्याची नाणी, त्याने मिळवलेल्या वस्तू आणि त्याचे क्रमवारीतील स्थान ती डेटाबेसमध्ये जपते आणि कोणताही गेम सर्व्हर सुरू असो वा नसो, ती माहिती टिकून राहते. या दोघांना एचटीटीपीने, म्हणजे वेबवर रिक्वेस्ट आणि उत्तर यांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलने, जोडणे वरवर पाहता चार ओळींचे काम आहे, आणि पहिली रिक्वेस्ट खरोखरच थोड्या वेळात यशस्वी होते. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, कारण उत्तर उशिरा आले, अर्धवट आले किंवा आलेच नाही, तर गेम सर्व्हरने काय करायचे हे त्या चार ओळींत कुठेच लिहिलेले नसते. प्रत्येक रिक्वेस्ट लिहिण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरवावे असा माझा आग्रह आहे आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच आग्रहातून मांडल्या आहेत.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. आपल्याकडे एक गेम सर्व्हर आहे आणि एक ‘खेळाडू-सेवा’ आहे. गेम सर्व्हर या सेवेला तीन कामांसाठी हाक मारतो : खेळाडू मॅचमध्ये शिरताना त्याची प्रोफाइल आणणे, मॅच चालू असताना त्याने केलेली खरेदी नोंदवणे आणि मॅच संपल्यावर निकाल पाठवणे.

१. एचटीटीपीने काय पाठवायचे हे आधी ठरवा

खेळाडूची जागा, त्याने झाडलेली गोळी, दाराची उघडझाप अशा दर क्षणाला बदलणाऱ्या गोष्टी मायक्रोसर्व्हिसकडे पाठवू नयेत. त्या गेम सर्व्हरच्या मेमरीतच राहाव्यात आणि खेळाडूंच्या उपकरणांपर्यंत गेमच्या स्वतःच्या नेटवर्क प्रोटोकॉलने, म्हणजे बहुतेक वेळा यूडीपीवरून (पोच न मागता पाकिटे पाठवणाऱ्या हलक्या प्रोटोकॉलवरून), जाव्यात. मॅच संपल्यानंतरही जी माहिती उरायला हवी, किंवा जी एकाहून अधिक गेम सर्व्हरना लागते, तेवढीच एचटीटीपीने जावी. ही सीमारेषा नीट आखली की रिक्वेस्टची संख्या एकदम खाली येते. एका मॅचमध्ये एका खेळाडूमागे दोन-चार रिक्वेस्ट पुरेशा ठराव्यात. त्या शेकड्यांत जात असतील तर चूक कोडमध्ये शोधण्याआधी या आखणीत शोधावी.

२. दोन्ही बाजूंचा करार लिहून काढा

कोड लिहिण्यापूर्वी प्रत्येक एंडपॉइंटसाठी, म्हणजे सेवेला हाक मारण्याच्या प्रत्येक ठिकाणासाठी, पत्ता, मेथड (रिक्वेस्टचा प्रकार), पाठवायची बॉडी (रिक्वेस्टमधील मजकूर), यशाचे उत्तर आणि अपयशाची प्रत्येक तऱ्हा एका कागदावर मांडावी. प्रोफाइल आणण्यासाठी गेट, म्हणजे फक्त वाचणारी, मेथड वापरावी. मॅचचा निकाल पाठवताना मात्र पोस्टऐवजी (‘ही नवी नोंद करा’) पुट (‘या पत्त्यावर हे ठेवा’) वापरावी आणि मॅचचा ओळखक्रमांक पत्त्यातच ठेवावा. तो ओळखक्रमांक गेम सर्व्हरने मॅच सुरू होतानाच तयार करावा. त्यासाठी १२८ बिटांचा यूयूआयडी उत्तम, कारण तो बनवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि दोन सर्व्हरकडून तोच क्रमांक बनण्याची भीती व्यवहारात उरत नाही. पुटवर एवढा भर का, हे सहाव्या पायरीत स्पष्ट होईल.

माहितीच्या मांडणीसाठी जेसन हे मजकुराचे स्वरूप चालेल, पण एक सापळा सुरुवातीलाच टाळावा. खेळाडूंचे ओळखक्रमांक ६४ बिटांचे पूर्णांक असतील तर ते जेसनमध्ये संख्या म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवावेत. जावास्क्रिप्टसारख्या भाषा संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात साठवतात आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढील सगळे पूर्णांक त्यांना अचूक धरता येत नाहीत. त्यामुळे शेवटचा अंक गुपचूप बदलतो आणि एका खेळाडूचा निकाल दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. ही चूक चाचणीत दिसत नाही, कारण चाचणीतले ओळखक्रमांक नेहमी लहान असतात.

स्टेटस कोडचा, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या यशापयशाच्या आकड्याचा, अर्थही करारातच ठरवावा. ४०० म्हणजे रिक्वेस्टची रचनाच चुकलेली आहे, ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, ४०४ म्हणजे तसा खेळाडू नाही, ४०९ म्हणजे आधीच्या नोंदीशी विरोध आहे, ४२९ म्हणजे रिक्वेस्ट फार वेगाने येत आहेत आणि ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. सगळ्या चुकांना २०० (म्हणजे यश) देऊन बॉडीत ‘यश : नाही’ असे लिहिणारी सेवा बनवू नये. मधले लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणारे), मोजमापाची साधने आणि रिट्राय करणाऱ्या, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणाऱ्या, लायब्ररी स्टेटस कोडवरच विसंबून असतात आणि अशा सेवेपुढे त्या सगळ्या आंधळ्या होतात.

३. गेम बाजूला ठेवून हाताने जोडणी तपासा

गेम इंजिनात एकही ओळ लिहिण्याआधी कमांड लाइनवरून, म्हणजे कर्लसारख्या साधनाने, तिन्ही एंडपॉइंटना रिक्वेस्ट पाठवून पाहाव्यात. गेम सर्व्हर ज्या मशीनवर किंवा ज्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवणाऱ्या बंदिस्त जागेत) चालणार आहे तिथूनच ही तपासणी करावी. नवोदितांचा सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. शेजारच्या कंटेनरमधली सेवा त्या नावाने सापडत नाही. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात दोन्ही कंटेनर तुम्ही स्वतः बनवलेल्या एकाच नेटवर्कवर ठेवून सेवेच्या नावाने हाक मारावी लागते. दुसरी बाजूही पाहावी. सेवा केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर कान लावून बसली असेल तर बाहेरून तिच्यापर्यंत कोणीच पोहोचत नाही. कंटेनरमध्ये तिला ०.०.०.० वर, म्हणजे सर्व पत्त्यांवर, बसवावे लागते.

हाताने केलेली तपासणी यशस्वी झाल्यावरच सेवेचा पत्ता गेम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहावा. तो कोडमध्ये कोरून ठेवू नये, कारण विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर या तिन्ही ठिकाणी तो वेगळा असतो. काही प्लॅटफॉर्मवर बाहेर जाणाऱ्या एचटीटीपीला आधी परवानगी द्यावी लागते. उदाहरणार्थ, रोब्लॉक्समध्ये ही सुविधा मुळात बंद असते, गेमच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते आणि दर मिनिटाच्या रिक्वेस्टवर मर्यादाही असते.

४. गेम लूपला कधीही थांबवू नका

सेकंदाला ६० टिक (जगाचा हिशेब एकदा पुढे नेण्याची पावले) असलेल्या गेम सर्व्हरला एका टिकसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक चालतो, म्हणजे त्याला ५० मिलिसेकंद मिळतात. एकाच डेटा सेंटरमधील तत्पर सेवाही डेटाबेस वाचून उत्तर देईपर्यंत काही मिलिसेकंद घेते, आणि एखाद्या वाईट क्षणी तिला कित्येक सेकंद लागू शकतात. मुख्य थ्रेडवर, म्हणजे हे टिक चालवणारा गेम लूप ज्या कामाच्या धाग्यावर धावतो त्यावर, उत्तराची वाट पाहत बसणारी रिक्वेस्ट लिहिली, तर त्या काळात सर्व खेळाडूंचे जग गोठते. एका खेळाडूने वस्तू विकत घेतली म्हणून मॅचमधील इतर सगळ्यांनी अडखळावे, हे कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

म्हणून रिक्वेस्ट असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी गेमला न थांबवणारी, असावी. गोडोमध्ये एचटीटीपीरिक्वेस्ट नावाचा नोड काम संपल्यावर सिग्नल देतो, युनिटीमध्ये युनिटीवेबरिक्वेस्ट कोरूटीनसोबत (मध्ये थांबून नंतर पुढे चालू होणाऱ्या फंक्शनसोबत) वापरता येते, आणि अनरिअलमध्ये एचटीटीपी मॉड्यूल काम पूर्ण झाल्यावर आपण दिलेले फंक्शन बोलावते. स्वतःच्या इंजिनात काम करत असाल तर नेटवर्कसाठी वेगळा थ्रेड ठेवावा आणि त्याच्याशी बोलण्यासाठी दोन रांगा ठेवाव्यात. गेम लूप जाणाऱ्या रांगेत रिक्वेस्ट टाकून लगेच पुढे जातो. नेटवर्क थ्रेड उत्तर आले की ते येणाऱ्या रांगेत टाकतो. प्रत्येक टिकच्या सुरुवातीला गेम लूप येणारी रांग तपासतो आणि उत्तरे लागू करतो. नेटवर्क थ्रेडने गेमच्या स्थितीला कधीही थेट हात लावू नये. ही शिस्त पाळली की लॉक (दोन थ्रेडनी एकाच वेळी तीच माहिती बदलू नये म्हणूनचे कुलूप) लावण्याची गरजच जवळपास संपते.

इथे एक बारकावा आहे. रिक्वेस्ट निघाली तेव्हा असलेले जग उत्तर येताना तसेच राहिलेले नसते. प्रोफाइल येईपर्यंत खेळाडू बाहेर पडलेला असू शकतो. एवढेच काय, तो बाहेर पडून पुन्हा आतही आलेला असू शकतो. म्हणून उत्तराच्या फंक्शनमध्ये खेळाडूच्या ऑब्जेक्टचा पॉइंटर पकडून न ठेवता त्याचा ओळखक्रमांक आणि या प्रवेशाचा सत्र-क्रमांक ठेवावा, आणि उत्तर लागू करण्यापूर्वी ते दोन्ही आजही जुळतात का हे पाहावे. जुळत नसतील तर उत्तर शांतपणे टाकून द्यावे.

५. टाइमआउट स्वतः ठरवा

लायब्ररीने ठरवलेल्या टाइमआउटवर, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मर्यादेवर, विसंबून राहू नये. गो भाषेतील मूळ एचटीटीपी क्लायंटला तुम्ही सांगितल्याखेरीज टाइमआउट नसतोच, पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचेही तसेच आहे, आणि डॉटनेटचा एचटीटीपीक्लायंट न सांगता १०० सेकंद थांबतो. मॅचमध्ये शिरू पाहणाऱ्या खेळाडूसाठी १०० सेकंद आणि अनंतकाळ यांत फरक नाही.

कनेक्शन जुळण्यासाठी वेगळा आणि संपूर्ण उत्तरासाठी वेगळा असे दोन टाइमआउट ठेवावेत. एकाच डेटा सेंटरमध्ये कनेक्शनला अर्धा सेकंदही भरपूर होतो. उत्तराचा आकडा मात्र कामावर अवलंबून असतो. मॅचमध्ये चाललेल्या खरेदीसाठी खेळाडू डोळे लावून बसलेला असतो, तिथे दोन सेकंदांपलीकडे जाऊ नये. निकाल पाठवताना कोणीही वाट पाहत नसते, तिथे दहा सेकंद दिले तरी हरकत नाही. हे आकडे आरंभासाठी आहेत. आठवडाभराचे मोजमाप हाती आले की ९९ टक्के रिक्वेस्ट किती वेळात पूर्ण होतात ते पाहून त्याच्या थोडे वर टाइमआउट आणावा.

६. उत्तर न येणे म्हणजे काम न होणे नव्हे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे. टाइमआउट झाला तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते : रिक्वेस्ट सेवेपर्यंत पोहोचलीच नाही, किंवा ती पोहोचली पण काम पूर्ण झाले नाही, किंवा काम पूर्ण झाले आणि केवळ उत्तर वाटेत हरवले. गेम सर्व्हरला या तिन्ही स्थिती अगदी सारख्या दिसतात. त्यांच्यात फरक करण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो. त्यामुळे पुन्हा पाठवावे तर खेळाडूची नाणी दोनदा कापली जाण्याचा धोका, आणि न पाठवावे तर त्याने जिंकलेले बक्षीस हरवण्याचा धोका असतो. टाइमआउट वाढवून ही कोंडी सुटत नाही. सेवा अशी बांधावी लागते की तीच रिक्वेस्ट कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच व्हावा.

मॅचच्या निकालाबाबत हे सोपे आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या प्रमाणकात पुट ही मेथड अशीच मानलेली आहे : एकदा केली काय किंवा अनेकदा केली काय, सर्व्हरवरील इच्छित परिणाम तोच राहतो. पोस्टबाबत असे कोणतेही आश्वासन नाही. ओळखक्रमांक गेम सर्व्हरनेच बनवलेला असल्याने ‘या क्रमांकाच्या मॅचचा निकाल हा आहे’ हे विधान दहा वेळा पोहोचले तरी डेटाबेसमध्ये एकच ओळ राहते. अर्थात मेथडचे नाव पुट ठेवल्याने हे आपोआप घडत नाही. डेटाबेसमध्ये मॅचच्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचे) असायलाच हवे, आणि त्या निकालामुळे खेळाडूंच्या गुणांत होणारी वाढही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल होतात किंवा एकही होत नाही अशा एका गटात, व्हायला हवी. ओळ नवी असेल तरच गुण वाढवावेत. ओळ आधीच असेल आणि मजकूर तोच असेल तर पूर्वीचेच यशाचे उत्तर द्यावे. ओळ असेल पण मजकूर वेगळा असेल, तर ४०९ द्यावे आणि त्याची ठळक नोंद करावी, कारण एकाच मॅचचे दोन निकाल येणे म्हणजे गेम सर्व्हरमध्ये कुठेतरी गंभीर दोष आहे.

खरेदीसाठी पोस्ट वापरावी लागते, कारण खेळाडू तीच वस्तू मुद्दाम दोनदाही घेऊ शकतो. तिथे प्रत्येक खरेदीच्या कृतीला गेम सर्व्हरने एक वेगळी इडेम्पोटन्सी की (पुन्हा आलेली तीच कृती ओळखता येईल अशी खूण) द्यावी आणि ती हेडरमध्ये, म्हणजे बॉडीआधीच्या माहितीत, पाठवावी. खेळाडूने बटण दाबले त्या क्षणी की बनते आणि रिट्राय करताना तीच वापरली जाते. रिट्रायच्या आत नवी की बनवणारा कोड मी अनेकदा पाहिला आहे. तो कोड दिसायला व्यवस्थित असतो आणि कोणतेही संरक्षण देत नाही. सेवेने की, रिक्वेस्टचा सारांश आणि दिलेले उत्तर एका तक्त्यात साठवावे. नाणी कापणे, वस्तू देणे आणि की नोंदवणे ही तिन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हावीत. की आधी आणि नाणी नंतर अशी दोन स्वतंत्र पावले टाकली, तर दोन पावलांच्या मध्ये सेवा कोसळू शकते आणि मग की सांगते ‘झाले’, पण प्रत्यक्षात झालेले नसते.

आणखी एक नियम याच्याच पोटातला आहे. गेम सर्व्हरने ‘शिल्लक ४५० करा’ असे कधीही सांगू नये. ‘या कारणासाठी ५० कमी करा’ असे सांगावे. गेम सर्व्हरकडील शिल्लक ही काही मिनिटांपूर्वी आणलेली प्रत असते. दरम्यान त्याच खेळाडूला दुसरीकडून भेट मिळाली असेल, तर जुनी शिल्लक लिहिताना ती भेट पुसली जाते. बदलांची नोंदवही ठेवावी आणि शिल्लक तिच्यावरून काढावी. तक्रार आल्यावर नेमके काय घडले हे सांगता येण्याचा तोच एक मार्ग आहे.

आता रिट्रायची पद्धत. ४००, ४०१, ४०३ (परवानगी नाही), ४०४ आणि ४०९ आल्यास तीच रिक्वेस्ट जशीच्या तशी पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. उत्तर तेच येणार. टाइमआउट, तुटलेले कनेक्शन, ४२९, ५०३, तसेच ५०२ आणि ५०४ (मधल्या सर्व्हरला सेवेकडून नीट किंवा वेळेत उत्तर न मिळणे) यांवर रिट्राय करावा. ५०० (सेवेतील अंतर्गत चूक) वर इडेम्पोटंट, म्हणजे पुन्हा पाठवली तरी परिणाम एकदाच होणारी, रिक्वेस्ट असेल तरच मोजके प्रयत्न करावेत. ४२९ किंवा ५०३ सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर आले असेल तर त्याने सांगितलेला वेळ पाळावा. एरवी दर प्रयत्नानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि त्यात यादृच्छिक भाग मिसळावा. म्हणजे पहिल्यांदा शून्य ते २०० मिलिसेकंदांमधील कोणताही काळ, दुसऱ्यांदा शून्य ते ४००, तिसऱ्यांदा शून्य ते ८००. यादृच्छिकता नसेल तर सेवा क्षणभर बंद पडून उठताच सगळे गेम सर्व्हर नेमके एकाच क्षणी तिच्यावर तुटून पडतात आणि ती पुन्हा झोपते.

रिट्राय एकाच थरात असावा. गेम सर्व्हर तीन प्रयत्न करतो, मधला गेटवे (रिक्वेस्ट पुढे पाठवणारा सर्व्हर) प्रत्येकासाठी तीन करतो आणि सेवा डेटाबेससाठी प्रत्येकी तीन करते असे धरा. एका खरेदीमागे आजारी डेटाबेसवर २७ आघात होतात.

७. कनेक्शन पुन्हा वापरा

प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवे कनेक्शन उघडणे महाग असते. टीसीपीच्या हस्तांदोलनाला नेटवर्कची एक फेरी लागते, त्यावर टीएलएस या कूटबद्ध जोडणीच्या प्रोटोकॉलच्या १.२ आवृत्तीला आणखी दोन आणि २०१८ मधील टीएलएस १.३ ला आणखी एक फेरी लागते. एचटीटीपी १.१ मध्ये कनेक्शन उघडे ठेवणे हीच मूळ रीत आहे, पण क्लायंटचा एकच ऑब्जेक्ट गेम सर्व्हर सुरू होताना बनवून अखेरपर्यंत वापरला तरच तिचा लाभ मिळतो. दर रिक्वेस्टला नवा क्लायंट बनवला तर बंद झालेली कनेक्शन काही काळ टाइम-वेट (पोर्ट अडवून ठेवणाऱ्या) अवस्थेत साचतात आणि भार वाढल्यावर मोकळे पोर्टच उरत नाहीत. गोमध्ये उत्तराची बॉडी पूर्ण वाचून बंद न केल्यासही कनेक्शन पुन्हा वापरता येत नाही.

पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनचा साठा, किती मोठा हवा याचा अंदाज सोप्या गुणाकाराने येतो. सेकंदाला ५० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी १० रिक्वेस्ट वाटेत असतात. सेवा मंदावून उत्तराला ५ सेकंद लागू लागले तर तोच आकडा २५० होतो. म्हणून पूलला आणि जाणाऱ्या रांगेला, दोन्हींना वरची मर्यादा घालावी. मर्यादा भरली की प्रोफाइलसारखी रिक्वेस्ट तिथेच नाकारावी, निकाल मात्र डिस्कवरील रांगेत जावा. त्या रांगेविषयी पुढे येईलच.

क्लायंटने रिकामे कनेक्शन जितका वेळ धरून ठेवायचे तो काळ सेवेच्या तशाच काळापेक्षा कमी असावा. अन्यथा सेवा कनेक्शन बंद करत असतानाच क्लायंट त्यावर रिक्वेस्ट टाकतो आणि अधूनमधून कारण न कळणाऱ्या चुका दिसतात.

८. ओळख आणि विश्वास

खेळाडूच्या उपकरणावर चालणाऱ्या प्रोग्रामवर विश्वास ठेवू नये, कारण तो उघडून पाहता येतो आणि बदलताही येतो. मायक्रोसर्व्हिसचे गुपित टोकन केवळ गेम सर्व्हरकडे असावे आणि ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा गुपिते सांभाळणाऱ्या यंत्रणेतून यावे. ते सोर्स कोडमध्ये किंवा खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या बिल्डमध्ये कधीही नसावे. एकाच प्रोजेक्टमधून क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही बिल्ड होत असतील तर ही चूक नकळत होते. म्हणून तयार झालेल्या क्लायंट बिल्डमध्ये टोकनचा मजकूर शोधून पाहण्याची तपासणी बिल्डच्या प्रक्रियेतच बसवावी.

खेळाडूची ओळख वेगळ्या वाटेने येते. तो लॉगिन करताना मिळालेले अल्पायुषी टोकन गेम सर्व्हरला देतो, गेम सर्व्हर त्याची सही किंवा वैधता तपासतो आणि मगच त्याच्या नावाने सेवेशी बोलतो. सेवेनेही गेम सर्व्हरवर सरसकट विसंबू नये. या सर्व्हरवर सध्या चालू असलेल्या मॅचमध्ये हा खेळाडू खरोखर आहे का, आणि मागितलेले बक्षीस मर्यादेत आहे का, हे तिने स्वतः तपासावे. सर्व वाहतूक टीएलएसवरून व्हावी आणि चाचणीसाठी बंद केलेली सर्टिफिकेटची तपासणी प्रत्यक्ष वापरात बंद राहणार नाही याची खात्री करावी.

९. सेवा आजारी असताना गेम कसा चालेल

प्रत्येक कामासाठी हे वेगळे ठरवावे लागते आणि हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये, कारण तो खेळाच्या रचनेचा भाग आहे. प्रोफाइल मिळाली नाही तर खेळाडूला मूळ स्वरूपातील पात्र देऊन खेळू द्यायचे का? माझ्या मते बहुतेक गेममध्ये द्यावे, पण ‘ही तात्पुरती प्रोफाइल आहे’ अशी खूण मेमरीत ठेवावी आणि तिच्यावरून काहीही परत साठवू नये. अन्यथा रिकामी प्रोफाइल खऱ्या प्रोफाइलवर लिहिली जाते आणि खेळाडूची वर्षांची कमाई जाते. खरेदीचे उत्तर आले नाही तर वस्तू देऊ नये. ‘नोंद तपासली जात आहे’ असे सांगून त्याच कीने पुन्हा विचारत राहावे. निकाल पाठवता येईलच असे धरू नये, तो आधी स्थानिक डिस्कवर लिहावा, मग पाठवावा आणि यशाचे उत्तर आल्यावरच तिथून काढावा.

सेवा सतत अपयशी ठरत असेल तर तिला दर वेळी हाक मारून टाइमआउटची वाट पाहणे दोघांच्याही हिताचे नसते. यासाठी सर्किट ब्रेकर वापरतात. सलग काही अपयशांनंतर तो उघडतो आणि पुढील काही सेकंद रिक्वेस्ट न पाठवताच अपयश कळवतो. त्यानंतर एखादी रिक्वेस्ट चाचणीसाठी सोडतो आणि ती यशस्वी झाली की पुन्हा पूर्ववत होतो. ४०४ किंवा ४०९ अशी उत्तरे अपयशांत मोजू नयेत. त्यांतून सेवा जिवंत असल्याचेच कळते.

१०. दिसेल असे करा, आणि मुद्दाम तोडून पाहा

प्रत्येक रिक्वेस्टला एक कोरिलेशन आयडी द्यावा आणि तो गेम सर्व्हरच्या व सेवेच्या, दोन्ही लॉगमध्ये लिहावा. खेळाडूने ‘माझी नाणी गेली’ असे कळवल्यावर दोन्हीकडील ओळी शेजारी ठेवता येतात. टोकन मात्र लॉगमध्ये लिहू नये. मोजमापात सरासरी वेळेवर समाधान मानू नये. सरासरी २० मिलिसेकंद असतानाही शंभरातली एक रिक्वेस्ट दीड सेकंद घेत असू शकते, आणि तक्रार त्याच खेळाडूची येते. म्हणून ५०, ९५ आणि ९९ या शतमकांचे आकडे, म्हणजे तितके टक्के रिक्वेस्ट किती वेळात पूर्ण होतात ते, पाहावेत, तसेच रांगेची लांबी, रिट्रायची संख्या आणि सर्किट ब्रेकर किती वेळा उघडला हेही पाहावे.

मग चाचणीसाठी खेळाडू-सेवेची एक नकली आवृत्ती बनवावी आणि तिच्याकडून मुद्दाम वाईट वागणूक करून घ्यावी : उत्तराला दहा सेकंद लावणे, अर्धवट जेसन देणे, सलग ५०३ देणे, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे काम पूर्ण करून उत्तर न देताच कनेक्शन तोडणे. या शेवटच्या चाचणीत खरेदी एकदाच नोंदली गेली, तर सहावी पायरी योग्य रीतीने उतरली असे समजावे. प्रत्यक्ष नेटवर्क बिघडवून पाहायचे असेल तर टॉक्सीप्रॉक्सी हे साधन मधे ठेवता येते, किंवा लिनक्सवर नेटएमने विलंब आणि हरवलेली पाकिटे निर्माण करता येतात.

११. नवी आवृत्ती आणणे आणि सर्व्हर बंद करणे

सेवेची नवी आवृत्ती काही मिनिटांत सगळीकडे पोहोचते, पण चालू मॅच असलेला गेम सर्व्हर मध्येच बदलता येत नाही. त्यामुळे जुने गेम सर्व्हर आणि नवी सेवा काही काळ एकत्र नांदणारच. उत्तरात नवी फील्ड जोडावीत, पण असलेली काढू नयेत किंवा त्यांचा अर्थ बदलू नये. गेम सर्व्हरनेही अनोळखी फील्डकडे दुर्लक्ष करावे, त्यावर चूक दाखवू नये. मोठा बदल हवाच असेल तर पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक वाढवावा आणि जुन्या पत्त्यावरील रिक्वेस्ट शून्यावर आल्याचे मोजमापात दिसेपर्यंत तो चालू ठेवावा.

बंद होण्याचा क्रमही लिहून ठेवावा. सिगटर्म (प्रोसेसला थांबण्याची सूचना देणारा संकेत) आल्यावर गेम सर्व्हरने नव्या मॅच घेणे थांबवावे, चालू मॅच पूर्ण कराव्यात, जाणारी रांग रिकामी करावी आणि मग बाहेर पडावे. कंटेनर सांभाळणारी कुबरनेटीस ही यंत्रणा सिगटर्मनंतर मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदच थांबते आणि मग प्रोसेस सक्तीने मारते. मॅच २० मिनिटांची असेल तर हा काळ वाढवावा लागतो, किंवा गेम सर्व्हरसाठीच बनवलेले अगोनेससारखे साधन वापरावे लागते, जे खेळाडू असलेला सर्व्हर संख्या कमी करताना उचलत नाही. तरीही मशीन अचानक बंद पडू शकते. त्या वेळी न गेलेले निकाल डिस्कवरील रांगेत असतात, पण कंटेनरची स्वतःची डिस्क कंटेनरसोबतच नाहीशी होते. म्हणून ती रांग टिकाऊ व्हॉल्यूमवर (कंटेनर गेला तरी उरणाऱ्या साठवणीवर) ठेवावी आणि त्या व्हॉल्यूमवर सुरू होणाऱ्या पुढच्या गेम सर्व्हरने नवी मॅच घेण्याआधी त्यातील सर्व निकाल त्यांच्या जुन्याच मॅच क्रमांकांसह पाठवून द्यावेत.